माशाचं परमिट

अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात समुद्र बाळगणारा माणूस एकच आहे आणि तो माझा दाजी आहे. हा समुद्र चार फूट लांब, दीड फूट रुंद असून कुरुंद्यात त्यांच्या बैठकीच्या खोलीत, दारासमोरच्या भिंतीला लागून आहे. खरा समुद्र आमच्यापासून इतका लांब, की आमच्या नात्यागोत्यात तो पाहिलेली माणसं बोटांवर मोजता येतील, आणि त्यांत दाजी नाहीत. म्हणजे समुद्र स्वतः न पाहता त्यांनी तो घरी तयार केला. गाळलेल्या पाण्यात समुद्राचं मीठ कालवायचं, काचेची नळी बुडवून खारेपणा मोजायचा, जास्त झाला तर पाणी, कमी झाला तर मीठ. दाजी वीज खात्यात लाइनमन होते. उपकेंद्रातल्या बॅटऱ्यांचं पाणी नळी बुडवून तपासण्यात हयात गेलेली, त्यामुळे समुद्र करणं त्यांना काही जड गेलं नाही. उलट समुद्र करायला इतकं सोपं असताना लोक तो बघायला कोकणात कशाला जातात, असं ते मला एकदा गंभीरपणे म्हणाले होते.

या समुद्रात मासा एकच आहे. त्याला दगडमासा म्हणतात, आणि ज्याने हे नाव दिलं त्याला काही फार डोकं चालवावं लागलं नसणार. रंग दगडाचा, आकार दगडाचा, अंगावर शेवाळ, आणि हालचालही दगडाइतकीच. फरक एवढाच, की या दगडाच्या पाठीवर तेरा काटे आहेत आणि प्रत्येक काट्यात विष आहे. हात पडला तर माणूस वेदनेने गडाबडा लोळतो, आणि कधी कधी लोळायचंही राहून जातं. असा प्राणी माझ्या बहिणीच्या घरात, सोफ्यापासून तीन हातांवर, गेली पाच वर्षं सुखाने नांदतो आहे.

मूळ गोष्ट बीपीची. निवृत्त झाल्यावर दाजींना बीपी निघालं. वसमतच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि वर सांगितलं, की घरात माशांची टाकी ठेवा, रोज अर्धा तास बघत बसा, मन शांत होतं. दाजींनी सोनेरी मासे आणले आणि आठवड्यात त्यांचं बीपी वाढलं. "दिवसभर इकडून तिकडं पळून राहिले. काम ना धंदा. बघूनच मला धाप लागून राहिली," असं म्हणत त्यांनी ते शेजारी वाटून टाकले आणि नांदेडला जाऊन दुकानदाराला सांगितलं, की एका जागी बसणारा मासा दाखवा. त्या बिचाऱ्याकडे चेन्नईच्या मालात चुकून हा मासा येऊन पडला होता. गिऱ्हाइकांना वाटायचं टाकी रिकामीच आहे. त्याने हात जोडून दाजींना विनवलं, "लाइनमनसाब, ये मछली नको लेव. दिखती नहीं, और हाथ लगा तो आदमी गया." दाजींचे डोळे लकाकले. दिसत नाही आणि हात लागला तर माणूस गेला, हे वर्णन त्यांच्या चांगल्या ओळखीचं होतं. तीस-बत्तीस वर्षं ते अशाच वस्तूच्या सहवासात राहिले होते. लाइनमनच्या भाषेत तारेत वीज असली की तार 'चालू' असते. मासा घरी आल्यावर मी तावातावाने जाब विचारला, तेव्हा दाजी शांतपणे म्हणाले, "मास्तर, घरात एक तरी चालू वस्तू पाहिजे. न्हाई तर माणूस ढिला पडतो."

मी सेनगावला शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे दाजींच्या लेखी मास्तर. अक्का माझी थोरली बहीण. तिच्याकडे कुणीही गेलं तरी आधी पाणी मिळतं, शेवटी चहा मिळतो, आणि मध्ये परीक्षा असते. पाहुण्याला टाकीसमोरच्या खुर्चीत बसवून दाजी म्हणतात, "मासा दाखवा." टाकीत पाच दगड आणि एक मासा. पाहुणा डोळे बारीक करतो, मान तिरपी करतो, चष्मा पुसतो आणि ठामपणे एका दगडावर बोट ठेवतो. एका आडत्याने, जो नुसत्या मुठीवरून सोयाबीनचा ओलावा सांगतो, पाण्याचा पंप दाखवला होता. मी स्वतः तीनदा नापास झालो आणि चौथ्या वेळी दाजींनी मला ग्रेस मार्क देऊन चहा पाजला. पण खरी कमाल झाली ती भाच्याच्या लग्नाच्या वेळी. हट्टा गावची मुलगी सांगून आली होती. तिच्या घरची मंडळीच तिला घेऊन कुरुंद्याला आली, पोहे झाले, आता मुलीला काय विचारावं म्हणून सगळे एकमेकांकडे बघत होते. दाजींनी विचारलं, "बाई, यात मासा कुठं हाय?" मुलीने मान वर केली आणि सांगितलं, "डावीकडून दुसरा. बाकीच्यांना तोंड न्हाई." दाजी उभे राहिले आणि त्यांनी पसंती जाहीर केली. मी कानात म्हटलं, दाजी, निदान मुलाला तरी विचारा. ते म्हणाले, "त्याला दोन वर्षांत मासा दिसला न्हाई. त्याला काय विचारायचं?" सांगायला आनंद वाटतो, की भाच्याचा संसार त्याच्या नोकरीच्या गावी उत्तम चालला आहे आणि तिथल्या घरातल्या सगळ्या वस्तू सूनबाईच शोधून देते.

माशाचं नाव साहेब. दिवसभर एका जागी बसतो, काही करत नाही आणि अंगाशी गेलं की डसतो, म्हणून हे नाव ठेवलं असं दाजी सांगतात, आणि नोकरीतल्या कुठल्या साहेबावरून हे सुचलं ते मात्र सांगत नाहीत. साहेबांना दोन दिवसांतून एकदा सिद्धेश्वर धरणातले झिंगे लागतात. लांब चिमट्याने झिंगा साहेबांच्या तोंडापुढे धरायचा. मग बराच वेळ काही होत नाही, आणि मग झिंगा नसतो. मधलं काही दिसत नाही. शेजारचे एक गृहस्थ हे जेवण बघायला महिनाभर येत होते आणि दर वेळी नेमकी त्यांची पापणी लवत होती. अक्काला या झिंग्यांचा मनापासून राग. ती रोज सकाळी बुद्धविहारात वंदनेला जाणारी, पंचशील नुसतं म्हणणारी नव्हे तर पाळणारी. झिंग्यांची पिशवी घरात आली की ती मोठ्याने पहिलं शील म्हणू लागते, प्राणिहिंसा न करण्याचं. त्यावर दाजींचं एकच उत्तर असतं, "शील मी घेतलंय. माशानं न्हाई." यावर अक्का तेच शील पुन्हा, आणखी मोठ्याने म्हणते.

टाकीच्या स्टँडवर गरम पाण्याचा एक थर्मास कायम भरलेला असतो. साहेबांचं विष उष्णतेने मंदावतं, तेव्हा काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून दवाखाना गाठायचा, असं दाजींनी कुठून कुठून वाचून, चार डॉक्टरांना फोन करून पक्कं केलं आहे. हे पाणी सकाळ-संध्याकाळ बदललं जातं. एकदा विहारातून आलेल्या बायकांच्या चहासाठी अक्काने त्यातलं दोन पेले पाणी घेतलं, तर दाजी दिवसभर तिच्याशी बोलले नाहीत. भिंतीवर उपकेंद्रातला लाल कवटीचा बोर्ड आहे, त्यावरचे व्होल्ट रंगाने खोडून 'पाठीवर' एवढाच शब्द लिहिला आहे. 'धोका, पाठीवर' वाचून नवा माणूस आधी स्वतःच्या मागे बघतो.

पण या सगळ्यावर कळस म्हणजे परमिट. ज्यांच्या घरात लाइनमन नाही त्यांच्यासाठी सांगतो. खांबावर चढण्याआधी लाइनमन उपकेंद्रातल्या ऑपरेटरकडून परमिट घेतो. ऑपरेटर लाइन बंद करतो, वहीत लिहितो, आणि ज्याने परमिट घेतलं त्याने स्वतः ते परत केल्याशिवाय ती लाइन कुणी म्हणजे कुणी चालू करायची नाही. खुद्द कलेक्टर अंधारात बसले तरी नाही. दाजींनी हा नियम टाकीला लावला. दर रविवारी सकाळी टाकी धुण्याआधी ते स्वैपाकघराच्या दारात उभे राहतात आणि अदबीने म्हणतात, "ऑपरेटर, टाकीचं परमिट द्या." ऑपरेटर म्हणजे अक्का. ती भाकरी थापता थापता विचारते, "कशासाठी?" "काच घासणे." मग ऑपरेटरने पिठाचे हात धुवायचे, बैठकीत येऊन टाकीचं मेन स्विच बंद करायचं, 'माणूस काम करत आहे' ही पाटी लावायची आणि वहीत वेळ लिहून सही करायची. काम झालं की दाजी हत्यारं मोजतात. हातमोजे दोन, बादल्या दोन, टब एक, नळी एक, ब्रश एक, चिमटा एक, आणि उन्हाळ्यात पाणी थंड ठेवणारा छोटा पंखा एक. मग पुन्हा स्वैपाकघराच्या दारात, "नग नऊ, माणसं एक, खाली एक. परमिट परत." खाली म्हणजे खांबावरून उतरलेली माणसं, टाकीला खांब नसला तरी. ही वही मी वाचली आहे. शेऱ्याच्या रकान्यात अक्काच्या अक्षरात 'पीठ वाळलं', 'डाळ लागली', आणि एके ठिकाणी नुसतंच 'काय बोलावं' असं लिहिलेलं आहे. मी दाजींची खूप टर उडवायचो. खोलीत तुम्ही एकटे, तर माणसं मोजता काय? दाजी एरवी माझ्या सगळ्या थट्टेला हसत, या एका थट्टेला कधी हसले नाहीत. "मोजायला काय लागतं, मास्तर? एक तर एक," एवढंच म्हणायचे.

मागच्या एप्रिलमधली गोष्ट. रविवारी परमिट घेऊन दाजी टाकी धूत होते आणि काच घासता घासता धाडकन खाली पडले. बादली लवंडली, स्टूल कलंडलं. अक्का धावली. पाच वर्षांच्या तालमीमुळे तिच्या मनात दुसरा विचार आलाच नाही. तिने थर्मास उघडला आणि दाजींचा उजवा हात गरम पाण्यात बुडवला. आजूबाजूची माणसं जमली आणि दाजींना जीपमध्ये घालून वसमतला नेलं. डॉक्टरांनी विचारलं, काय झालं? शेजारी म्हणाले, मासा चावला. डॉक्टरांनी विचारलं, कुठे? शेजारी म्हणाले, बैठकीत. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. प्रत्यक्षात साहेबांनी काहीही केलेलं नव्हतं, ते आपल्या जागी बसून होते. दाजींच्या हाताला लाली आली होती ती गरम पाण्याची, आणि बीपी मोजलं तर पारा कुठल्या कुठे. गोळ्या आठ दिवस बंद होत्या. मासा बघतोय की, मग वर गोळी कशाला, असा दाजींचा हिशेब. दुपारपर्यंत ते नांदेडच्या दवाखान्यात दाखल झाले, शुद्धीवर आले, आणि शुद्धीवर आल्या आल्या त्यांनी विचारलं की लाइन चालू केली का.

लाइन बंद होती. पंप बंद, पंखा बंद, आणि बाहेर एप्रिलचं ऊन. अक्काचा मला फोन आला, की कपडे आणि औषधांची फाइल घेऊन ये, आणि टाकीचं बघ. तुझे दाजी सारखे माशाचं विचारतात, बीपी काही उतरत नाही, डॉक्टर काळजीत आहेत. नांदेडच्या दुकानदाराला मी फोन केला, तर तो म्हणाला की संध्याकाळपर्यंत पंप सुरू झाला नाही तर मासा हातचा गेला समजा. सेनगावहून मोटारसायकलवर निघालो, चारच्या सुमाराला कुरुंद्याला पोचलो, शेजारून किल्ली घेतली, चपला बाहेर काढल्या आणि आत गेलो. सगळा पसारा सकाळी होता तसाच होता. फरशीवर अजून ओल होती. टाकीतलं पाणी कोमट झालं होतं, आणि मेन स्विचवर 'माणूस काम करत आहे' ही पाटी होती. मी स्विचपाशी उभा राहून अक्काला फोन लावला आणि म्हटलं, पोचलो, चालू करतोय.

"थांब," अक्का म्हणाली. "परमिट परत आलं न्हाई."

मला खरोखर संताप आला. इतक्या उन्हात गाडी हाकत आलो होतो, मासा मरायला टेकला होता, तिकडे माणूस त्या माशापायी झुरत होता, आणि माझी सख्खी बहीण मला नियम सांगत होती. मी म्हटलं, अक्का, टाकीत हात घातलेला माणूस तुझ्याजवळ खाटेवर आहे. इथे माझ्याशिवाय चिटपाखरू नाही. काहून वेड्यासारखं करून राहिली? ती चिडली नाही. फक्त म्हणाली, "ज्यानं घेतलं त्यानंच परत करायचं. त्यांच्या कानाला लावते."

दाजींचा आवाज अगदी बारीक झाला होता. "मास्तर, माणसं किती?"

"एकच दाजी. मी."

"असं न्हाई. मोजून सांगा."

मी मनातल्या मनात कपाळाला हात लावला. मग आजारी माणसाचं मन राखायचं म्हणून स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं आणि म्हटलं, एक. त्यांनी नग मोजायला सांगितले. हातमोजे दोन, बादल्या दोन, टब, नळी, ब्रश, चिमटा. आठ. पंखा दिसत नव्हता. मी म्हटलं, पंखा कुणीतरी उचलून ठेवला असेल, माणसं काय कमी आली होती का सकाळी?

"मग परमिट परत न्हाई. पंखा हुडका."

पंख्याची पिन बोर्डात होती. मी तिच्या वायरमागे नजर नेली. वायर स्टँडच्या मागे उतरली होती, तिथून ओल्या फरशीवरून टबाकडे गेली होती, आणि टबात, उपसलेल्या गढूळ खाऱ्या पाण्यात, पंखा तोंड खाली करून पडला होता. स्टूल कलंडलं तेव्हा तो तिथे गेला असणार. मी खाली पाहिलं. माझे अनवाणी पाय त्याच ओलीत होते. टबाची कड माझ्या घोट्याला टेकली होती. खारं पाणी विजेला साध्या पाण्यापेक्षा लवकर वाट देतं, हे मी दर वर्षी मुलांना फळ्यावर आकृती काढून शिकवतो. गावभर नवी वायरिंग करून देणाऱ्या दाजींच्या स्वतःच्या घरातली वायरिंग त्यांच्या लग्नाच्या वेळची. माझं बोट पुन्हा स्विचवर गेलं होतं. ते मी काढून घेतलं आणि तिथून बाजूला होऊन भिंतीला पाठ लावून बसलो. मला भीती वाटली, हे लिहायला लाज वाटत नाही. फोनवर दाजी विचारत होते, "सापडला का?" मी म्हटलं, टबात आहे.

मग त्यांनी सांगितलं तसं केलं. आधी पिन काढली, मग पंखा, मग फरशी कोरडी पुसली, मग चपला घालून पुन्हा मोजलं. नग नऊ, माणसं एक. तिकडे खाटेवरून दाजी अक्काला म्हणाले, "नग नऊ, माणसं एक, खाली एक. परमिट परत," आणि अक्का म्हणाली, "परत घेतलं. चालू कर." मी स्विच दाबलं. पंप गुरगुरला, आतल्या खोलीतला टेबलफॅन आणून टाकीवर लावला. साहेब जिवंत आहेत की नाहीत हे चेहऱ्यावरून कळायची सोय नव्हती, म्हणून फ्रीजमधला झिंगा चिमट्याने पुढे धरला. बराच वेळ काही झालं नाही, आणि मग झिंगा नव्हता. मी फोनवर ओरडून सांगितलं, साहेब जेवले. संध्याकाळपर्यंत दाजींचं बीपी उतरलं, आणि डॉक्टरांनी त्याचं श्रेय आपल्या इंजेक्शनला दिलं.

दाजी घरी आल्यावर पंधरा दिवसांनी मी त्यांना विचारलं. थट्टा म्हणून नाही, नीट विचारलं. ते टाकीकडे बघत बोलले. नवीन नोकरी होती, हट्ट्याच्या शिवारात काम होतं, चार माणसं होती, परमिट दाजींच्या नावावर होतं. दिवस मावळायला आला होता, घरी जायची घाई होती. खाली माणसं बोलत उभी होती. दाजींनी जवळच्या सोसायटीतल्या फोनवरून ऑपरेटरला सांगितलं, चार खाली, परमिट परत. चौथा जोडीदार, त्यांच्याच वयाचा, वर पकड विसरली म्हणून पुन्हा चढला होता. त्याला खाली आणावं लागलं. "मी चार सांगितले, मास्तर," दाजी म्हणाले. "मोजले न्हाईत." अक्का दारात उभी होती. तिला हे लग्नाच्या वर्षापासून ठाऊक होतं. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की तिने वहीत नाही नाही ते शेरे मारले, पण परमिट द्यायला कधी नकार दिला नाही.

आता डॉक्टरांनी दाजींना वाकायची मनाई केली आहे, म्हणून रविवारी टाकी धुवायला मी जातो. अक्का ऑपरेटरच्या पदावरून निवृत्त झाली आहे आणि तिच्या भाकरी आता वेळेवर होतात. वही दाजींच्या मांडीवर असते. मी परमिट घेतो, साहेब कुठे बसलेत ते आधी बघतो, काच घासतो आणि हत्यारं एका रांगेत मांडतो. मग त्यांच्यासमोर उभा राहून छातीवर बोट ठेवतो आणि सांगतो, नग नऊ, माणसं एक, खाली एक. दाजी लगेच लिहीत नाहीत. मला डोक्यापासून पायापर्यंत बघतात. मग थोडा वेळ माझ्या मागे, दाराकडे बघत राहतात, अजून कुणी यायचं राहिलं आहे का म्हणून. कुणी येत नाही. मग ते मान खाली घालून वहीत 'एक' लिहितात.